नादारी आणि निवारा

कर्जापायीं हात टेकलेल्या माणसाच्या स्थितीला मराठींत दोन शब्द आहेत : दिवाळें आणि नादारी. दिवाळें हा बाजारपेठेंतला शब्द. देणीं भागविण्याची शक्ति संपली म्हणजे व्यापाऱ्यानें भर दिवसां पेढीवर दिवा लावून ठेवावा अशी जुनी चाल होती असें सांगतात, आणि त्या दिव्यावरूनच हा शब्द निघाला अशी समजूत आहे. नादारी हा कचेरींतला शब्द. देण्यासारखें ज्याच्यापाशीं कांहीं उरलें नाहीं तो नादार. पहिल्या शब्दाला थोडी कुचेष्टेची झांक आहे; दुसरा नुसती नोंद करतो. परंतु शब्द कोणताही वापरला, तरी ज्या कुटुंबावर हा प्रसंग येतो त्या कुटुंबांतील बायकामाणसांच्या मनांत पहिला प्रश्न एकच उठतो. डोक्यावरचें छप्पर राहील कीं नाहीं? या प्रश्नाचें उत्तर कायद्यानें देऊन ठेवलें आहे, आणि तें सर्वसाधारण समजुतीपेक्षां बरेंच निराळें आहे.

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेच्या अंगाला झरी जामणी हा तालुका आहे. त्याच्या दक्षिणेस पैनगंगा वाहते आणि नदीपलीकडे तेलंगणांतील आदिलाबादचा मुलूख लागतो. भाग जंगलाचा व चढउताराचा; शेती मुख्यतः पावसावरची; मोठें पीक कापसाचें आणि त्याच्या जोडीला तूर, सोयाबीन, ज्वारी. गोंड, परधान व कोलाम या आदिवासी समाजांची वस्ती येथें मोठी आहे. कोलामांच्या वाडीला पोड म्हणतात. बांबूच्या तट्ट्यांचा कूड, त्यावर मातीशेणाचें लिंपण आणि वर कौलें किंवा गवत, असें जुन्या घरांचें रूप. मराठी, गोंडी, कोलामी आणि तेलुगु या चारी भाषा या टापूंत कानांवर पडतात. परंतु कर्जाचा कागद मात्र मराठींत लिहिलेला असतो, आणि कायदा मुळांत इंग्रजींत.

कापसाच्या शेतीचा हिशोब सर्वांच्या परिचयाचा आहे. बीं, खत आणि फवारणीचें औषध यांसाठीं पावसाळ्याच्या तोंडाशीं कर्ज काढावयाचें आणि दिवाळीनंतर कापूस वेंचून विकला कीं तें फेडावयाचें. पावसानें ओढ दिली, अथवा २०१७ सालीं झालें त्याप्रमाणें गुलाबी बोंडअळीनें बोंडें आंतून पोखरलीं, कीं मुद्दल तसेंच राहतें आणि व्याज चढत जातें. २००६ सालीं केंद्र सरकारनें विदर्भांतील ज्या सहा जिल्ह्यांसाठीं खास मदत जाहीर केली त्यांत यवतमाळ होता. पुढें २००८, २०१७ व २०१९ या सालीं कर्जमाफीच्या योजना निघाल्या. त्यांचा मुख्य रोंख बँका व सहकारी संस्था यांच्या कर्जावर होता. हातउसने घेतलेले पैसे, दुकानदाराची उधारी आणि सावकाराचा कागद हीं देणीं पुष्कळ घरांत मागें राहिलींच.

अशा एखाद्या पोडावरील किंवा गांवांतील शेतकऱ्याची गोष्ट कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावी. त्याला चार एकर कोरडवाहू जमीन आहे. कुडाचें घर आहे. डोईवर बँकेचें, दुकानदाराचें व सावकाराचें असें तिहेरी कर्ज आहे. दुकानदारानें न्यायालयांतून हुकूमनामा मिळविला आहे. त्याच वेळीं ग्रामसभेंत घरकुलाच्या यादींत त्याचें नांव आल्याची वार्ता येते. आतां त्याच्यापुढें तीन प्रश्न उभे राहतात. असलेलें घर जप्त होईल काय? नादार ठरल्यास सरकारी घरकुलाचा हक्क जाईल काय? आणि घरकुलासाठीं आलेला पैसा धनकोच्या हातीं पडेल काय? तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें निरनिराळ्या कायद्यांत व नियमांत विखुरलेलीं आहेत.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर १९०८ सालच्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमांत आहे. पैशाच्या हुकूमनाम्याच्या बजावणींत ऋणकोची कोणती मालमत्ता विकतां येते आणि कोणती येत नाहीं, याची यादी या कलमांत दिलेली आहे. नेसतींवापरतीं वस्त्रें, स्वयंपाकाचीं भांडीं, अंथरूणपांघरूण, धर्माच्या चालीनें जो अंगावरून उतरविला जात नाहीं असा स्त्रीचा दागिना, कारागिराचीं हत्यारें, शेतकऱ्याचीं अवजारें आणि न्यायालयाला आवश्यक वाटतील तितकीं गुरें व बियाणें यांना जप्ती लागत नाहीं. याच यादींत शेतकऱ्याचें राहतें घर आहे. १८८२ सालच्या जुन्या संहितेंत केवळ घराच्या सामानाला, म्हणजे वासे, तुळया, कौलें यांना संरक्षण होतें. १९०८ सालीं तें घर, त्याखालची जागा आणि घराच्या वापरासाठीं लागणारी लगतची जमीन यांना मिळालें. १९७६ सालच्या दुरुस्तीनें मजूर आणि घरकामाचे नोकर यांचीं राहतीं घरेंही त्यांत आलीं.

येथें शहरांतील सुशिक्षित कुटुंबांनीं एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. कारकून, शिक्षक, वकील किंवा दुकानदार यांच्या घराला हें कलम कवच देत नाहीं. अशा कुटुंबांत धुणेंभांडीं करणाऱ्या बाईचें स्वतःचें घर पैशाच्या हुकूमनाम्यांत विकलें जात नाहीं. परंतु तिच्या मालकिणीचें जाऊं शकतें. ज्याच्यापाशीं श्रमाखेरीज दुसरें भांडवल नाहीं त्याला निवाऱ्यावांचून श्रमही करतां येणार नाहींत, हा विचार कलमाच्या मुळाशीं दिसतो.

या कवचाला अटी मात्र आहेत. पहिली अट शेतकरी असण्याची. जो स्वतः जमीन कसतो आणि ज्याची उपजीविका मुख्यतः शेतीच्या उत्पन्नावर चालते तो शेतकरी. मग तो मालक असो, कूळ असो, वाटेकरी असो कीं शेतमजूर असो. घरच्या माणसांकडून किंवा मजुरी देऊन कसून घेतली तरी ती स्वतः कसल्यासारखीच धरली जाते; त्यामुळें शेतकऱ्याच्या विधवेनें मजूर लावून शेत केलें म्हणून तिचें संरक्षण जात नाहीं. दुसरी अट घरांत राहण्याची. घर त्याच्या वहिवाटींत असलें पाहिजे. दोन महिने कामासाठीं परगांवीं गेल्यानें वहिवाट मोडत नाहीं. परंतु घर भाड्यानें देऊन कुटुंब कायमचें दुसरीकडे गेलें, तर धनकोच्या वकिलाला बोलावयास जागा मिळते. तिसरी मर्यादा सर्वांत मोठी आहे. ज्या घरावरच कर्ज काढलें, म्हणजे जें घर गहाण ठेवलें, त्याला गहाणाच्या हुकूमनाम्यांत हें कवच सामान्यतः उपयोगी पडत नाहीं. २००२ सालच्या ज्या कायद्यानें बँकांना न्यायालयांत दावा न लावतां तारण ताब्यांत घेतां येतें, त्या कायद्यानें शेतजमीन वगळली आहे आणि जप्तीपासून मुक्त असलेली मालमत्ताही वगळली आहे. परंतु त्याच कर्जाला खास तारण दिलेली मालमत्ता त्या सवलतींतून बाहेर काढली आहे. तसेंच ज्या घराचें भाडें थकलें त्याच घराबद्दलच्या भाड्याच्या हुकूमनाम्यालाही ही सूट आड येत नाहीं.

उलटपक्षीं, कांहीं धनको कर्जाच्या कागदांतच एक ओळ घालून ठेवतात, कीं ऋणको आपल्या घराच्या संरक्षणावर पाणी सोडीत आहे. अशी ओळ व्यर्थ आहे. संरक्षण सोडून देण्याचा करार रद्दबातल ठरतो असें याच कलमांत १९७६ पासून स्पष्ट लिहिलेलें आहे. ज्याला हें ठाऊक नाहीं तो त्या ओळीला भिऊन घर खालीं करतो. ज्याला ठाऊक आहे तो न्यायालयापुढें उभा राहून हरकत घेतो. सहकारी संस्थेची वसुली मात्र बहुधा दाव्यानें न होतां निबंधकाच्या दाखल्यानें होते. तिचे नियम वेगळे आहेत आणि तेथें वेगळा सल्ला घ्यावा लागतो.

आतां नादारीचा प्रश्न. मुंबई, कलकत्ता व मद्रास या जुन्या इलाखाशहरांना १९०९ चा नादारीचा कायदा लागू झाला आणि इतर मुलखाला १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. झरी जामणीच्या शेतकऱ्याला लागू पडणारा कायदा हा दुसरा. पांचशें रुपये किंवा अधिक देणें असून तें फेडण्याची ताकद नसेल, अथवा हुकूमनाम्यापायीं अटक किंवा जप्ती झाली असेल, तर ऋणकोला स्वतः अर्ज करतां येतो. १९२० सालीं पांचशें रुपये ही लहान रक्कम नव्हती. आज ती एका फवारणीच्या खर्चाएवढी आहे. मूळ अधिकार जिल्हा न्यायालयाचा. राज्य सरकार दुय्यम न्यायालयांनाही तो देऊं शकतें.

नादार ठरविण्याचा हुकूम झाला कीं ऋणकोची सर्व मालमत्ता न्यायालयाकडे किंवा न्यायालयानें नेमलेल्या रिसीव्हराकडे जाते. हें वाक्य ऐकून माणूस दचकतो. परंतु याच कायद्याच्या २८ व्या कलमांत पुढें असें म्हटलें आहे, कीं दिवाणी संहितेनें जी मालमत्ता जप्तीपासून मुक्त ठेवली आहे ती नादाराच्या मालमत्तेंत धरावयाची नाहीं. हिशोबाच्या वह्या तेवढ्या अपवाद. म्हणजे ६० व्या कलमाचें छत्र नादारीच्या कायद्यांतही माणसाबरोबर येतें. शेतकऱ्याचें राहतें घर रिसीव्हराच्या हातीं जात नाहीं. त्याचें शेत मात्र जाऊं शकतें; आणि घर गहाण असल्यास गहाणदाराचा हक्क नादारीनें रोखला जात नाहीं. पुढें ठरलेल्या मुदतींत नादारानें मुक्ततेचा अर्ज करावयाचा असतो. तो न केल्यास नादारीचा हुकूमच रद्द होतो आणि सर्व खटाटोप वायां जातो. मुक्तता मिळाली तरी सरकारचें देणें आणि लबाडीनें केलेलें कर्ज सुटत नाहीं. शिवाय जामीन राहिलेला शेजारी मोकळा होत नाहीं. धनको त्याच्या दारांत जातो. नादार असेपर्यंत माणसाला स्थानिक संस्थेचा सभासद म्हणून निवडून येतां येत नाहीं, ही एक मानहानि. परंतु सरकारी घराची मदत मिळण्यास तो अपात्र होतो असें या कायद्यांत कोठेंही म्हटलेलें नाहीं.

येथें दुसरा प्रश्न सुरू होतो. ग्रामीण भागांतील घरांसाठीं केंद्र सरकारची मदत १९८५ पासून इंदिरा आवास योजनेंतून मिळूं लागली. १ एप्रिल २०१६ पासून तिची जागा प्रधानमंत्री आवास योजना – ग्रामीण हिनें घेतली. सपाट प्रदेशांत घरामागें १ लाख २० हजार आणि डोंगराळ व दुर्गम भागांत १ लाख ३० हजार रुपये, किमान २५ चौरस मीटरचें घर, रोजगार हमींतून कांहीं दिवसांची मजुरी आणि शौचालयासाठीं १२ हजार, अशी तिची बांधणी ठरली. कोलाम, कातकरी व माडिया गोंड या महाराष्ट्रांतील तीन अतिमागास आदिवासी समाजांसाठीं नोव्हेंबर २०२३ मध्यें निराळी मोहीम सुरू झाली आणि तींत घरामागें २ लाख रुपये ठरविण्यांत आले. याखेरीज राज्य सरकारच्या रमाई व शबरी या नांवांच्या योजना आहेत.

घरकुलाची पात्रता कशी ठरते? प्रथम घर पाहतात : घर नाहींच, किंवा एकदोन खोल्यांचें कच्चें आहे. मग वगळण्याच्या कसोट्या लावतात. घरांत सरकारी नोकर आहे काय, आयकर भरतात काय, तीनचाकी वा चारचाकी वाहन आहे काय, इत्यादि. त्या कसोट्यांत नादारी नाहीं. न्यायालयानें नादार ठरविलें म्हणून ग्रामसभेनें नांव काढावें असा नियम नाहीं. परंतु एक कसोटी अशी आहे, कीं तिचा विचार केल्यावर मन थबकतें. ज्याच्या किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा ५० हजार किंवा त्याहून अधिक आहे त्याचें नांव गळतें. म्हणजे बँक एखाद्याला जितकें कर्ज देण्यास राजी आहे तितका तो संपन्न, असें येथें धरलें आहे. व्यापाऱ्याच्या बाबतींत हें कदाचित् खरें असेल. पावसावरच्या कापूसवाल्याच्या बाबतींत ती मर्यादा हें त्याच्या देण्याचें माप आहे. कार्डावरचा सर्व पैसा मातींत गेला, पीक बुडालें, खातें थकलें, तरी कागदावर तो ५० हजारांची पत असलेला सुखवस्तु गृहस्थच राहतो. २०२४ सालीं कसोट्या थोड्या सैल झाल्या. शीतकपाट, दूरध्वनि व दुचाकी यांच्यामुळें नांव गळणें थांबलें. परंतु क्रेडिट कार्डाची कसोटी राहिली. तिच्याबरोबर पांच एकर किंवा अधिक कोरडवाहू जमिनीचीही कसोटी आहे. कोरडवाहू पांच एकरांत काय पिकतें हें ज्यानें पाहिलें आहे त्याला त्यांतील कठोरपणा सांगावयास नको. वरच्या कल्पित शेतकऱ्याचे चार एकर येथें निभावतात. त्याच्या भावाचे साडेपांच निभावत नाहींत.

आणखी दोन अडचणी नादारीशीं जवळून निगडित आहेत. घरकुलाची यादी पाहणीवरून होते, आणि पाहणी म्हणजे एका दिवसाचें चित्र. पहिली यादी २०११ सालच्या सामाजिक-आर्थिक गणनेवरून झाली; नंतर राहून गेलेल्यांसाठीं पुन्हा पाहण्या झाल्या. पाहणीच्या दिवशीं ज्याचें पक्कें घर उभें होतें आणि दोन वर्षांनीं गहाणांत गेलें, त्याचें नांव यादींत नसतें, कारण चित्रांत तो घरवाला आहे. त्यानें पुढील पाहणीची वाट पहावी किंवा ग्रामसभेपुढें व वरच्या अपील समितीपुढें जावें. दुसरी अडचण अधिक दुःखद. एकदां सरकारी योजनेंतून घर मिळालें कीं तें कुटुंब पुन्हा यादींत येत नाहीं. सावकाराच्या तगाद्यानें ज्यानें घरकुल विकून टाकलें, त्यानें आपलें एक घर गमावलें एवढेंच नव्हे, तर दुसऱ्या घराची वाटही बंद केली. म्हणून राहतें घरकुल विकून कर्ज फेडणें हा सर्वांत महाग व्यवहार होय. जें घर न्यायालयालाही विकतां आलें नसतें तें आपण होऊन विकावयाचें, आणि वर पुढचा हक्क गमवावयाचा!

तिसरा प्रश्न पैशाचा. मदत रोखीनें हातांत मिळत नाहीं. ती लाभार्थ्याच्या बँकखात्यांत हप्त्यांनीं येते आणि पाया, भिंती, छप्पर असें काम पुढें सरकल्याचें छायाचित्र नोंदल्यावर पुढील हप्ता सुटतो. बांधून झालेल्या घराला ६० व्या कलमाचें कवच आहे. परंतु खात्यांत पडलेल्या हप्त्याला त्या कलमाच्या यादींत नांवानिशीं जागा नाहीं. शिवाय नादारीच्या कायद्याप्रमाणें नादार ठरल्यापासून मुक्तता होईपर्यंत मिळालेली मालमत्ताही रिसीव्हराकडे जाते. तेव्हां धोका अगदींच कल्पित नव्हे. त्यावर उत्तर असें, कीं हा पैसा घर बांधण्याच्या एकाच कामासाठीं दिलेला असतो, आणि विशिष्ट कामासाठीं म्हणून जाणूनबुजून ठेवलेल्या रकमेवर बँकेचा सर्वसाधारण हक्क पोंचत नाहीं हें तत्त्व न्यायालयांना परिचित आहे. परंतु तत्त्व सिद्ध करण्यास वेळ लागतो आणि भिंती पावसाळ्याआधीं उभ्या रहावयाच्या असतात. म्हणून शहाणपणा यांत, कीं ज्या खात्यावर पीककर्ज थकलें आहे तें खातें घरकुलासाठीं देऊं नये. दुसऱ्या बँकेंत निराळें खातें काढावें. आणि नादारीचा अर्ज चालू असल्यास मंजुरीचा कागद आपण होऊन न्यायालयापुढें ठेवावा. लपविलेल्या पैशाचा संशय येतो. उघड सांगितलेल्या पैशाला न्यायालय न्याय देऊं शकतें.

योजनेंतील आणखी एक नियम या ठिकाणीं फार उपकारक आहे. घर पतिपत्नी दोघांच्या नांवें मंजूर करावें, किंवा राज्याला वाटल्यास एकट्या स्त्रीच्या नांवें करावें, अशी तरतूद आहे. घर पत्नीच्या नांवें असलें आणि कर्ज पतीचें असलें, तर पतीचा धनको त्या घराला हात लावूं शकत नाहीं. मात्र त्याच पत्नीनें सहकर्जदार म्हणून सही केली असेल तर गोष्ट निराळी. म्हणून घराच्या कागदावर बाईचें नांव असणें जितकें महत्त्वाचें, तितकेंच कर्जाच्या कागदावर समजल्याशिवाय तिचा अंगठा न उठणें महत्त्वाचें.

संकट जवळ आलें कीं माणूस घाबरून कांहीं चुका करतो. घर भावाच्या किंवा मेहुण्याच्या नांवें करून देणें ही त्यांतली नेहमींची. नादार ठरण्यापूर्वीं दोन वर्षांच्या आंत मोबदल्याशिवाय केलेलें असें हस्तांतर रिसीव्हर रद्द करून घेऊं शकतो. आणि मौज अशी, कीं जें घर ऋणकोच्या नांवें राहिलें असतें तर वाचलें असतें, तेंच नांव बदलल्यामुळें वादांत सांपडतें. दुसरी चूक सावकाराला खरेदीखत करून देण्याची. कागदावर विक्री, तोंडीं वचन परत देण्याचें. अशा व्यवहाराबद्दल २०१४ पासून अंमलांत आलेल्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याच्या १८ व्या कलमाखालीं जिल्हा निबंधकाकडे अर्ज करतां येतो. सावकारीच्या ओघांत १५ वर्षांच्या आंत गेलेली स्थावर मिळकत चौकशीअंतीं परत देवविण्याचा अधिकार त्याला आहे. आदिवासी खातेदाराच्या जमिनीला तर १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचा आणखी एक कोट आहे : जिल्हाधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीवांचून ती बिगरआदिवासीकडे जाऊं शकत नाहीं, आणि न्यायालयाच्या हुकूमनाम्यांतील विक्रीदेखील या बंदींत येते.

इतर देशांत काय आहे? इंग्लंडमध्यें गरिबांना घरभाड्यासाठीं सरकारी मदत मिळते; ती उत्पन्न व शिल्लक पाहून ठरते आणि केवळ नादारीमुळें ती बंद होत नाहीं. परंतु तेथील अपील न्यायालयानें २०११ सालीं असा निर्णय दिला, कीं नादारीनें थकलेल्या भाड्याची वसुली थांबली तरी त्या थकबाकीसाठीं घराचा ताबा मागण्याचा घरमालकाचा हक्क थांबत नाहीं. म्हणजे पैशाचें ओझें उतरतें आणि दार मात्र बंद होऊं शकतें. अमेरिकेंत टेक्ससनें, तें स्वतंत्र गणराज्य असतांना, १८३९ सालींच कुटुंबाचें राहतें घर धनकोपासून मुक्त ठेवणारा कायदा केला, आणि पुढें पुष्कळ राज्यांनीं तो कित्ता गिरविला. कर्जासाठीं माणसाचा निवारा काढून घेऊं नये हा विचार, असा, निरनिराळ्या भूमींत निरनिराळ्या रीतीनें रुजलेला आहे.

भारतांत या विचाराची नवी परीक्षा २०१६ सालच्या नादारी व दिवाळखोरी संहितेनें होणार आहे. या संहितेचा व्यक्तींविषयींचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांपुरता लागू झाला. त्यांच्यापुरती राहत्या घराची सूट आहे. परंतु घर बोजाविरहित असावें आणि त्याची किंमत शहरांत २० लाखांपेक्षां व ग्रामीण भागांत १० लाखांपेक्षां अधिक नसावी. सामान्य गरिबांसाठीं संहितेंत ‘नवी सुरुवात’ या अर्थाचें एक प्रकरण लिहिलेलें आहे. वर्षाचें उत्पन्न ६० हजारांपर्यंत, मालमत्ता २० हजारांपर्यंत आणि कर्ज ३५ हजारांपर्यंत असेल, तर थोडक्या कामकाजांत कर्जमुक्ति मिळावी अशी ती योजना. झरी जामणीच्या पोडावर ती आशीर्वादासारखी ठरली असती. परंतु तिच्या अटींत एक अट अशी आहे, कीं अर्जदाराच्या मालकीचें राहतें घर नसावें. मग त्यावर बोजा असो वा नसो.

या एका अटीचा परिणाम नीट पहावा. एका हातानें सरकार गरिबाला घर देतें आणि अभिमानानें त्याच्या दारावर योजनेचें नांव रंगवितें. दुसऱ्या हातानें लिहिलेला कायदा म्हणतो, कीं ज्याला घर आहे त्याला ही कर्जमुक्ति नाहीं. म्हणजे ज्या दिवशीं घरकुलाचें छप्पर पडेल त्या दिवशीं कर्जमुक्तीचें दार लागेल! १९०८ च्या संहितेनें ज्या घराला आधार मानून वाचविलें, तेंच घर २०१६ च्या संहितेंत आड येणारी संपत्ति ठरलें. हें प्रकरण सामान्य लोकांसाठीं अंमलांत आणण्यापूर्वीं ही विसंगति काढून टाकणें हें विधिमंडळांत बसणाऱ्यांचें काम आहे, आणि तिकडे त्यांचें लक्ष वेधणें हें सुशिक्षित नागरिकांचें. क्रेडिट कार्डाच्या मर्यादेला श्रीमंतीची खूण मानणारी कसोटीही त्याच वेळीं तपासली पाहिजे. पत आणि संपत्ति या दोन गोष्टी एक नव्हेत.

तोंवर ज्याच्यावर प्रसंग आला आहे त्यानें काय करावें? न्यायालयाचा समन्स आला तर तो न घेतां लपूं नये. जप्तीचा माणूस आला तर घर शेतकऱ्याचें व राहतें आहे असें लेखी सांगावें, आणि त्याच्या पुष्ट्यर्थ सातबाराचा उतारा, ग्रामपंचायतीचा घराचा उतारा व शिधापत्रिका जवळ ठेवावी. कोऱ्या कागदावर सही करूं नये. १९८७ सालच्या विधि सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणें स्त्रियांना आणि अनुसूचित जातिजमातींच्या लोकांना, उत्पन्न कितीही असलें तरी, फुकट वकील मिळतो. त्यासाठीं तालुका विधि सेवा समितीकडे साधा अर्ज पुरतो. झरी जामणीच्या बहुसंख्य कुटुंबांना हा हक्क आहे.

जुन्या व्यापाऱ्याचा दिवा भर दिवसां जळत असे तो लोकांनीं आपला नाद सोडावा म्हणून. कायद्यानें शेतकऱ्याच्या घरांत जो दिवा राखून ठेवला आहे तो मात्र रात्रीं लावण्यासाठीं आहे. त्याच्या उजेडांत मुलांनीं जेवावें, अभ्यास करावा आणि दुसऱ्या दिवशीं बापानें पुन्हा शेतावर जावें. नादारींत माणसाची पत जाते, कधीं शेतही जातें. घर मात्र, तें आपल्या हातानें कोणाला लिहून दिलें नसेल तर, बहुधा राहतें. ही एक गोष्ट जितक्या घरांत वेळेवर पोंचेल तितकीं घरें उभीं राहतील.